ती ग्रीस गन आधी खाली ठेव

पत्र :
नमस्कार काका, आमच्याकडे बाबांची १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री आहे. मुलुंडला सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी असते, महिन्यातून एखाद्या रविवारी चक्कर. गेल्या पावसाळ्यानंतर पुढून कट-कट आवाज येतोय, स्टिअरिंग जड झालंय आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. आमचे मिस्त्री म्हणतात पुढचं सगळं बदला नाहीतर विकून टाका. मी ठरवलंय की घरीच करायचं, म्हणजे पार्किंगमध्येच. पॉलीबुशचा (सांध्यांत रबराऐवजी बसवायचे पॉलियुरेथिनचे बुश) पूर्ण किट आणि नवे शॉकअप ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवलेत. ट्रनियनचं टेन्शन नाही, मिस्त्री दर दिवाळीला न चुकता सगळ्या निपलना ग्रीस मारतात. बाबा डिसेंबरमध्ये पंच्याहत्तर पूर्ण करतायत, त्या दिवशी त्यांना याच गाडीतून मरीन ड्राइव्हला न्यायचंय. दोन वीकेंडमध्ये होईल ना? सुरुवात कुठून करू?
– स्पिटफायरवाला, मुलुंड

उत्तर :
अरे स्पिटफायरवाल्या, तुझं पत्र मी चहा पिता पिता वाचत होतो, आणि "न चुकता ग्रीस" इथे आल्यावर कप खाली ठेवला. बाकीचं सगळं सावकाश बोलू, आवाज काय, बुश कुठले, शॉकअप कसले. पण आत्ता, हे वाचून झाल्यावर, गाडीची चावी काढून कपाटात ठेव आणि पुढचा ट्रनियन उघडून बघेपर्यंत ती गाडी सोसायटीच्या गेटबाहेर नेऊ नकोस, पेट्रोल भरायलासुद्धा नाही.

कारण असं, की तुझ्या गाडीच्या पुढच्या चाकाला वर बॉल जॉइंट आहे पण खाली नाहीये. खाली पितळेचा एक ठोकळा आहे, तो ट्रनियन, आणि त्यात व्हर्टिकल लिंकचं, म्हणजे चाक धरणाऱ्या उभ्या लोखंडी दांड्याचं, खालचं टोक आट्यांनी फिरवून बसवलेलं असतं, बरणीला झाकण बसतं तसं. तू स्टिअरिंग फिरवतोस तेव्हा ती लोखंडी लिंक त्या पितळेच्या आट्यांमध्ये अक्षरशः स्क्रूसारखी वरखाली फिरते. पुढच्या चाकावर येणारं सगळं वजन, प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक, त्या चार-दोन इंचांच्या आट्यांमधून जातो. आणि त्या आट्यांना हवं असतं ऑइल. ग्रीस नाही. ईपी ९० गिअर ऑइल, पातळ, जे खालून आत गेलं की आट्या-आट्यातून वर चढतं आणि ठोकळ्यात साठून राहतं. ग्रीस तिथपर्यंत पोचतच नाही रे, तोंडाशीच बसतं, वर्षाभरात घट्ट होतं, आणि मग दुसऱ्या वर्षी कितीही जोर लावून गन मारली तरी जुन्या ग्रीसवर नवीन ग्रीसचा थर, आत मात्र कोरडं. त्यात वरच्या रबर सीलमधून आपल्या पावसाचं पाणी उतरतं, खाली तळ बंद असल्यामुळे बाहेर जायला वाट नाही, आणि लोखंडाच्या आट्यांना गंज चढतो. गंजाचा खड्डा पडला की तिथून तडा.

मिस्त्रींची चूक म्हणावी तर तशीही नाही, निपल दिसला की ग्रीस हा त्यांचा हातच झालाय, ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीवर आयुष्य गेलेल्या माणसाला वेगळं कोण सांगणार. आमच्या घरीही तेच झालं होतं.

आमच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनायची ती. तुला माहीत असेलच की स्पिटफायर म्हणजे हेराल्डचीच आखूड केलेली चासी, वर इटालियन डिझायनर मिकेलॉत्तीने काढलेली बॉडी, त्यामुळे पुढचं सस्पेन्शन एकाच घराण्याचं. १९८४ चा पाडवा, हिंदू कॉलनीच्या एका गल्लीत मी रिव्हर्स घेत होतो, मागच्या सीटवर आई मांडीवर श्रीखंडाचा डबा घेऊन, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे तोडलेलं, म्हणजे वळवलेलं, वेग म्हणशील तर चालणाऱ्या माणसाएवढा. एकदम टक्क असा आवाज झाला, खूप मोठा पण नाही, आणि गाडीचा पुढचा डावा कोपरा खाली बसला. उतरून बघतो तर चाक आडवं होऊन मडगार्डच्या आत दुमडलेलं. श्रीखंड वाचलं, आई पायी घरी गेली आणि पुढे बरेच महिने त्या गाडीत बसली नाही. मी मात्र ती तुटलेली लिंक आजपर्यंत जपून ठेवलीय. तुटलेलं तोंड बघितलंस तर अर्ध्याहून जास्त भाग काळा-तांबूस, जुना, आणि उरलेला एक कोयरीएवढा तुकडा चांदीसारखा चकचकीत. म्हणजे त्या दिवशी तुटला तो फक्त तेवढा तुकडा, बाकीचा भाग कित्येक महिने आधीपासून तुटत आला होता आणि आम्ही त्यावर बसून वरळी सी-फेसला जाऊन आलो होतो. बहुतेकदा ह्या लिंका अशाच तुटतात, पार्किंगमध्ये, स्टिअरिंग तोडलेलं असताना. कधीकधी मात्र रस्त्यावरही तुटतात, आणि तुझ्या वाटेत ईस्टर्न एक्सप्रेस हायवे आहे.

आता घाबरवून झालं, कामाचं बोलू.

पहिल्या रविवारी काहीही उघडायचं नाही, फक्त तपासायचं. स्पिटफायरचं एक सुख आहे की बॉनेट मडगार्डसकट पूर्ण पुढे कलतं, मग तू चक्क पुढच्या चाकावर बसून काम करू शकतोस, असलं सुख आजच्या गाडीत नाही. जॅक चासीच्या रेलखाली लाव, इंजिनाच्या तळाशी ऑइलचा संप असतो त्याच्याखाली नको, आणि जॅकवर विश्वास ठेवून खाली जायचं नाही, दोन स्टँड लागतीलच. तुमच्याकडे खाली पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडच्या पायाखाली जाड प्लायचा तुकडा टाक, नाहीतर एक ब्लॉक खचला की स्टँड वाकडा. वॉचमनला आणि सेक्रेटरीला आधी सांगून ठेव, नाहीतर तुझी गाडी अर्धी उघडी असताना "पार्किंगमध्ये गॅरेज चालवणे" अशी नोटीस लिफ्टशेजारी लागेल.

चाक हवेत गेलं की वर-खाली धर, घड्याळात बाराला आणि सहाला, आणि हलव. टकटक झालं तर कुणालातरी गाडीत बसवून ब्रेक दाबायला सांग. ब्रेक दाबल्यावर टकटक गेली तर व्हील बेअरिंग सैल आहे. तरीही राहिली तर वरचा बॉल जॉइंट नाहीतर खालचा ट्रनियन, मग खाली टॉर्च मारून बघ कुठे हलतंय. नंतर डावी-उजवीकडे धरून, तीनला आणि नऊला, तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर टायरॉड एंड किंवा स्टिअरिंगचा रॅक. रॅकला धरणारे रबर माउंट बघ, ते ऑइल पिऊन लगदा झालेले असतात आणि स्टिअरिंग फिरवलं की आख्खा रॅकच इकडून तिकडे सरकतो, लोक उगाच नवा रॅक शोधत बसतात.

डावीकडे ओढते म्हणून डावीकडेच दोष आहे असं धरू नकोस हां. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर बऱ्याचदा उजवा कॅलिपर (ब्रेकची डिस्क चिमटीत धरणारा भाग) जाम असतो, तो काम करत नाही म्हणून डावा एकटाच धरतो आणि गाडी डावीकडे जाते. महिन्यातून एकदा चालणाऱ्या गाडीत पिस्टन गंजून अडकणं हे अगदी नेहमीचं. रबरी ब्रेक होजसुद्धा आतून फुगून बंद होतात, बाहेरून चकाचक दिसतात. तेव्हा सस्पेन्शनमध्ये सगळा पैसा घालून गाडी तशीच ओढायला लागली तर मला पत्र नको. जड स्टिअरिंगचंही तसंच, कोरडा ट्रनियन हा पहिला संशयित खरा पण टायरची हवा आणि वय बघ, टायरच्या कडेला डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१२ असं असेल तर २०१२ चा तेविसावा आठवडा, म्हणजे टायरची श्राद्धाची वेळ झाली.

आता कार्टबद्दल. ते कार्ट तसंच राहू दे. उघडल्याशिवाय काय मागवायचं ते कळत नाही, आणि इंग्लंडहून पार्सल यायला वेळ लागतो, वर कस्टम ड्युटी, त्यामुळे एकदाच आणि पूर्ण ऑर्डर करायची. बुश किट मागवलंस आणि उघडल्यावर लिंक गेलेली निघाली की परत दुसरं पार्सल, परत ड्युटी, आणि गाडी तोवर स्टँडवर.

हत्यारांत एक गोष्ट आधीच सांगतो, ती म्हणजे पाने. ही गाडी इंची आहे, मिलिमीटरवाली नाही. तुझ्याकडचा तेराचा पाना अर्ध्या इंची नटवर बसतो असं वाटतं पण तो अर्ध्या इंचापेक्षा अंमळ मोठा आहे, जोर लावला की नटाच्या कडा गोल होतात आणि मग तो नट तुझा आयुष्यभराचा सोबती. साडेतीन सूत, चार सूत, साडेचार, पाच, सहा सूत असा सेट घे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नागदेवी स्ट्रीटला जा, तिथल्या जुन्या दुकानदाराला सूत म्हटलं की लगेच कळतं, तुला मिस्त्री समजून चांगला माल दाखवेल. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) आणि हाय टेन्साइल बोल्टही तिथेच घे, आटे यूएनएफ, म्हणजे बारीक इंची, आहेत हे सांग आणि नमुना सोबत ने. जुने नायलॉक आणि जुन्या स्प्लिट पिना परत वापरायच्या नाहीत, ह्यावर चर्चा नको.

उघडताना एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू तशीच ठेवायची, तोच तुझा नकाशा. शंभर फोटो काढलेस तरी रात्री साडेअकराला वॉशर आतून होता की बाहेरून हे फोटोत दिसत नाही, समोरच्या बाजूला दिसतं. चाक काढ, कॅलिपर सोडून तारेने वर टांगून ठेव, होजवर लोंबकळत सोडू नकोस. ब्रेकची धूळ फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पूस, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

शॉकअप आणि स्प्रिंग ह्या गाडीत एकाच युनिटमध्ये आहेत. वर तीन नट, खाली एक बोल्ट, आख्खं युनिट बाहेर येतं, त्यात स्प्रिंग उसळत वगैरे नाही. उसळते ती बाहेर काढल्यानंतर वरचा मधला नट सोडलास की. तो मधला नट गाडीवर असताना हातही लावायचा नाही, आणि बाहेर काढल्यावर स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी समोरासमोर लावून, थोडं इकडे थोडं तिकडे असं आवळून मगच. भाड्याने कॉम्प्रेसर मिळाला तर आधी त्याचे हुक आणि आटे बघ, घासलेला असेल तर नको. खरं सांगू का, हे एक काम बाहेर दे. युनिट पिशवीत घालून रिक्षाने एखाद्या शॉकअपवाल्याकडे ने, अर्ध्या तासात करून देतो, त्यात काही कमीपणा नाही. स्प्रिंग परत चढवण्याआधी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगची मोकळी उंची मोजून लिहून ठेव, एक बसलेली असेल तर दोन्ही बदलायच्या. स्प्रिंगची कडी कापून गाडी खाली बसवतात ती मुलं तुझ्या ओळखीत असतील तर त्यांना त्या दिवशी चहालासुद्धा बोलावू नकोस.

खालचा विशबोन, म्हणजे चाकाला चासीशी जोडणारा हात, चासीला जिथे बसतो त्या ब्रॅकेटच्या मागे पातळ पत्र्याचे शिम निघतील. हे शिम म्हणजे चाकाचा कॅम्बर, चाक आत-बाहेर किती कललंय ते. कुठल्या ब्रॅकेटमागे किती निघाले ते लगेच लिही आणि त्याच ब्रॅकेटच्या नावाच्या पाकिटात टाक, लग्नाच्या आहेराची रिकामी पाकिटं असतात ना घरात, ती. सगळे एका डब्यात टाकलेस तर अलाइनमेंटवाला तुझ्याकडून दुप्पट वेळाचे पैसे घेईल आणि बरोबर घेईल.

आणि मग येतो ट्रनियनचा आडवा बोल्ट, जो निघणार नाही. तो लोखंडी स्लीव्हमधून जातो आणि पन्नासेक वर्षांत बोल्ट आणि स्लीव्ह यांचं लग्न झालेलं असतं. शुक्रवारी रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मार, शनिवारी सकाळी परत, दुपारी परत. हातोड्याने बोल्टच्या आट्यांच्या टोकावर थेट नको, आटे पसरतात, जुना नट टोकाशी चढवून त्यावर ठोक. तरी नाही निघाला तर हेक्सॉचं नुसतं पातं हातात फडक्याने धरून ट्रनियन आणि विशबोन यांच्या मधल्या फटीतून काप, दोन्ही बाजूंनी. तास-दीड तास जातो एका बाजूला, घाम निघतो, पण निघतं. गॅस कटर आणू नकोस, आत नायलॉनचे बुश आहेत, त्यांचा धूर छातीत जाईल आणि पितळही खराब होईल. बॉल जॉइंट मात्र सोपा, नट थोडा सैल करून ठेव, स्प्लिटर (सांधा सोडवायचं हत्यार) लाव, आवळ, आणि मग लिंकच्या डोळ्याच्या बाजूला एक सणसणीत हातोडा, टक्क करून सुटतो.

आता मुख्य गोष्ट. लिंक ट्रनियनमधून फिरवून बाहेर काढ. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे आहेत, तेव्हा "अडकलंय" म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी दिशा तपास. बाहेर आल्यावर जे ग्रीस निघेल ते बोटावर घेऊन उन्हात धर. त्यात सोनेरी चमक दिसली तर ते तुझ्या ट्रनियनचं पितळ आहे, झिजून ग्रीसमध्ये आलेलं. डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन आटे स्वच्छ कर, अगदी आट्यांच्या खोल खोबणीपर्यंत, आणि भिंग असेल तर भिंगाने बघ. बाबांच्या देवघरात पंचांग वाचायचं भिंग असतंच. वरवरचा तांबूस रंग ब्रशने गेला तर ठीक, पण खोबणीत सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर ती लिंक संपली. खड्डे नसले तरी डाय पेनिट्रंट मारूनच घ्यायचं, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तीन डब्यांचा सेट मिळतो. क्लीनरने पूस, लाल डाय मार, दहा-पंधरा मिनिटं थांब, कोरड्या फडक्याने पूस, मग पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. पहिल्यांदा ती रेघ उमटताना बघितली की पोटात कसंतरी होतं, पण ती तुझ्या पार्किंगमध्ये दिसलेली बरी.

रेघ दिसली, खड्डे दिसले, की लिंक भंगारात. कुणी म्हणेल वेल्डिंग करून देतो, कुणी म्हणेल लेथवर आटे नवे पाडून देतो, मुंबईत असे कलाकार ढिगाने आहेत आणि मला त्यांचं कौतुकही आहे, पण ह्या एका पार्टला नाही. नवी लिंक, नवा ट्रनियन, दोन्ही एकत्र, कारण जुन्या पितळेत नवीन लोखंड घातलं की झिजलेल्या आट्यांत परत तोच खेळ. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा चोर बाजारात कुणाकडे हेराल्डची लिंक पडलेली मिळेलही, घासाघीस करून स्वस्तात देईल, पण तिचीही तीच परीक्षा घ्यायची, आणि हेराल्डचं म्हणजे बसणारच असंही धरू नकोस, पार्ट नंबर आणि मापं ताडून बघ.

बसवताना ट्रनियन पूर्ण वर फिरवायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा, इतका की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळलं तरी आटे आत टेकणार नाहीत. घट्ट टेकवून ठेवलास तर पहिल्याच यू-टर्नला सगळा जोर आट्यांवर. वरचं रबर सील नवं. स्लीव्ह आणि बोल्टला कॉपर ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी पातं लागणार नाही. हो, तिथे ग्रीस चालतं, गंमत आहे खरी.

आणि मग ऑइल. एक वेगळी गन घे, तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "फक्त ऑइल" लिही आणि मिस्त्रींच्या नजरेला पडू देऊ नकोस. ईपी ९०, पितळ आहे म्हणून डब्यावर जीएल-४ हा दर्जा बघून घे. निपलऐवजी नुसता प्लग असेल तर तो काढून निपल बसव. गाडीचं वजन चाकावर असताना मारू नकोस, जॅकवर घेऊन मार, वरच्या सीलमधून ऑइल डोकावेपर्यंत. गनमधून ऑइल गळणार, हाताला, कोपरापर्यंत, फरशीवर, ते असंच असतं, खाली जुना लोकसत्ता अंथर. पुस्तकात दिलेले मैल विसर, तुझी गाडी मैलांनी म्हातारी होत नाहीये, पावसाने होतेय. मे अखेरीस एकदा आणि दसऱ्याला एकदा. दसऱ्याला तसंही हत्यारांची पूजा करतोसच, त्याच दिवशी.

पॉलीबुश. मला माहितीय आवडतात, रंगीत असतात, फोटोत छान दिसतात. पण तुझी गाडी महिन्यातून एकदा मुलुंड ते मरीन ड्राइव्ह जाणार, रेसला नाही, आणि आपल्या रस्त्यांवर पॉली लावलास तर प्रत्येक पेव्हर ब्लॉक बाबांच्या मणक्यात वाजेल. वर नीट ग्रीस राहिलं नाही की कुईकुई करतात, सासुरवाडीच्या झोपाळ्यासारखे. मूळचे रबर बुश घे, चांगल्या कंपनीचे. आणि रबर बुशची एक गोष्ट नव्वद टक्के लोक चुकवतात. रबर हा फिरत नाही, पिळला जातो. तू गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळलेस तर रबर त्या लोंबकळलेल्या स्थितीत पकडला जातो आणि गाडी खाली घेतली की कायमचा पिळलेला, वर्षात फाटतो, शिवाय गाडी पुढून उंच दिसते आणि मालक स्प्रिंगला दोष देत बसतो. तेव्हा विशबोनचे बोल्ट नुसते हाताने लाव, गाडी खाली घे, पुढून दोन-चारदा दाबून हलव, दोन माणसं बसव, आणि मग वजन चाकावर असताना शेवटचं आवळ, टॉर्क रेंचने, वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा बघून.

रंगाचं थोडक्यात. विशबोन आणि लिंक सँडब्लास्ट करून घे पण लिंकच्या आट्यांवर जाड टेप गुंडाळून, आणि ट्रनियन ब्लास्टिंगला द्यायचाच नाही. ब्लास्ट करून आणल्यावर त्याच दिवशी झिंक प्रायमर, आपल्या हवेत रात्रभर उघडं लोखंड ठेवलं की सकाळी चहाच्या रंगाचं. पावडर कोटिंग मला इथे आवडत नाही, खडी उडून टवका गेला की आतल्या आत गंज पसरतो आणि वरून कळत नाही.

व्हील बेअरिंग टेपर रोलर आहेत, कचकचून आवळायचे नसतात, आवळून मग किंचित मागे घेऊन अगदी बारीक प्ले ठेवायचा आणि नवी स्प्लिट पिन. शॉकअप जुने दाबून बघ, गळत असतील किंवा वर येताना अडत नसतील तरच नवे, आणि मूळ प्रकारचेच घे. ॲडजस्टेबल वगैरे घेऊन तू मधल्या नॉबला एकदा हात लावशील, नंतर कधीच नाही. आणखी एक, गाडी पन्नास वर्षांच्या वर आहे, तेव्हा २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, नंबरात व्हीए येतं. त्यात चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. सस्पेन्शन मूळचंच ठेवलंस तर त्या कागदांच्या वेळी कुणाला उत्तरं देत बसावी लागणार नाहीत.

सगळं झाल्यावर अलाइनमेंट दुकानात कर, घरी दोरी लावून फक्त तिथपर्यंत पोचण्यापुरती सरळ कर. दुकानवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तुझी गाडी नसणार, तेव्हा मॅन्युअलमधले आकडे कागदावर लिहून ने आणि शिमची पाकिटं खिशात असू दे. शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक नट परत एकदा पाना लावून बघ. मागचं स्विंग ॲक्सल हा वेगळाच अध्याय, तो आत्ता उघडू नकोस, पण वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडायचा नाही एवढं लक्षात ठेव.

दोन वीकेंड? नाही रे. पहिला रविवार तपासायला, दुसरा-तिसरा उघडायला आणि त्या एका बोल्टला, मग पार्सलची वाट, तोवर रंग, मग प्रत्येक बाजूला एक वीकेंड. डिसेंबर आणि तुझ्यात किती महिने आहेत ते तूच मोज. कमी असतील तर बाबांना त्या दिवशी लोकलने चर्नी रोडला ने, फर्स्ट क्लासने, आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून सांग की गाडी स्टँडवर आहे आणि का आहे. त्यांनी ती इतकी वर्षं सांभाळलीय, त्यांना ते कळेल. किंवा असं कर, आत्तापासूनच त्यांना खुर्ची टाकून पार्किंगमध्ये बसव, शिमची पाकिटं आणि वही त्यांच्या हातात दे. पंच्याहत्तरच्या माणसाला वाढदिवसाला फिरवून आणण्यापेक्षा नट मोजायला दिलेले जास्त आवडतात, हे मी स्वतःवरून सांगतोय, मी काही फार मागे नाही.

मिस्त्रींना दुखवू नकोस. इंजिन त्यांच्याकडेच ठेव, कार्ब्युरेटर त्यांच्या कानाने लागतात तसे तुझ्या यूट्यूबने लागणार नाहीत. ट्रनियन उघडशील त्या दिवशी त्यांना मुद्दाम बोलाव आणि बोटावरचं ते ग्रीस उन्हात दाखव. काही बोलू नकोस, नुसतं दाखव.

आणि मला फोटो पाठव, गाडीचा नको, दोन्ही लिंकांच्या आट्यांचा, डेव्हलपर मारल्यानंतरचा.